चेंडूवरून नजर काढा

प्रश्न : ताई, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगसाठी कॉलेजच्या खेळाडूंची जी चाचणी होते, त्या कम्बाइनमध्ये झेवियर वर्दी 4.21 सेकंदांत चाळीस यार्ड पळाला, तेव्हापासून मी त्या आकड्यांच्या नादी लागलोय. पण इतकं सगळं मोजूनही एनएफएलचे संघ ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू क्रमाक्रमाने निवडताना, फसतात कसे? चाळीस यार्डांच्या वेळेला नक्की किती किंमत द्यायची? — चिन्मय

चिन्मय, किंमत द्यायची, पण पळणारा कुठल्या जागी खेळतो ते बघून. समोरच्याला थोपवणारा दीडशे किलोचा लाइनमन अख्ख्या सामन्यात सरळ रेषेत चाळीस यार्ड पळतो किती वेळा? त्याचे पहिले दहा यार्ड बघ, उरलेले तीस सोडून दे. चेंडू झेलणारा रिसीव्हर किंवा त्याच्यावर पहारा ठेवणारा कॉर्नरबॅक असेल तर पूर्ण वेळ बघ, पण तिथेही जपून. 2017 मध्ये जॉन रॉस 4.22 सेकंदांत पळाला आणि सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर उचलला. पहिल्या मोसमात त्याने एकही झेल घेतला नाही. पुढेही दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही.

उलट अँक्वान बोल्डिन. 2003 मध्ये 4.71 सेकंद, म्हणजे रिसीव्हरच्या मानाने रडतखडत. तो 54 व्या क्रमांकावर गेला. ॲरिझोना कार्डिनल्सकडून पहिल्याच सामन्यात 217 यार्ड आणि मोसमात 101 झेल! अंगाला बचावपटू चिकटलेला असताना तो चेंडू हिसकावून घ्यायचा, आणि ते मोजणारं घड्याळ इंडियानापोलिसला, कम्बाइनच्या गावी, कुणी लावत नाही. व्हर्नन घोल्स्टनने 2008 मध्ये 225 पौंड 37 वेळा उचलले. न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं आणि तीन मोसमांत त्याच्या नावावर एकही सॅक (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकीआधीच पाडणं) लागला नाही. ताकद होतीच, पण पहिला धक्का अडला की पुढचा डाव काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

म्हणून आधी सामन्यांची टेप, मग आकडा. टेपवर पोरगा संथ वाटला आणि घड्याळ म्हणतं वेगवान, तर पुन्हा टेप लाव. बहुतेक वेळा दिसतं, की पाय चपळ आहेत, पण समोर काय घडतंय ते त्याला उशिरा उमगतं. असा खेळाडू मैदानावर कायम अर्धं पाऊल मागे राहतो.

मी अमेरिकेत शिकत असताना एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या व्हिडिओ खोलीत काम करायची. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. आमचा कॅमेरा उंचावर, बावीसच्या बावीस खेळाडू चौकटीत. प्रत्येक डाव कापून वेगळा ठेवायचा, हे माझं काम. एका कॉर्नरबॅकचे डाव कापता कापता मला बघायचं कसं ते कळलं. रिसीव्हर बारा यार्डांवर आत वळला की हा कंबर एका झटक्यात फिरवायचा, मधे फुकटचं पाऊल नाही. पण चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला, की साहेब हात कमरेवर ठेवून उभे! आमच्या खोलीत त्याच्या झेलांपेक्षा त्या हातांचीच चर्चा जास्त. माझं मत विचारशील तर अशा पोराला मी ड्राफ्टच्या दोन फेऱ्या खाली ढकलेन. कंबर फिरवण्याचं तंत्र शिकवता येतं, पण धावायची इच्छा कुठला प्रशिक्षक शिकवणार?

प्रश्न : कॉलेजात हजारो यार्ड फेकणारे क्वार्टरबॅक वर गेल्यावर ढेपाळतात. हे आधी ओळखता येत नाही का? — मुग्धा

थोडंफार येतं, मुग्धा. पण याच जागेवर शहाण्यांचे सगळ्यात जास्त दात पडले आहेत.

कॉलेजात बऱ्याच संघांची मांडणीच अशी असते, की पहिला रिसीव्हर मोकळा मिळतो. मैदानही वेगळं : हॅश मार्क्समधलं (डाव ज्यांच्या मधून सुरू होतो त्या खुणांच्या दोन रांगांमधलं) अंतर कॉलेजात 40 फूट, एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच. त्यामुळे कॉलेजात एक बाजू चांगली ऐसपैस राहते आणि बचावाची ओढाताण होते. म्हणून मी एकूण यार्ड बघतच नाही. तिसरा डाऊन (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला तिसरा), अजून दहा यार्ड काढायचे आहेत, समोरून ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा बचावपटूंची धाड) येतोय आणि पहिला रिसीव्हर झाकलेला आहे, असे डाव शोधते. त्या क्षणी त्याचे पाय बघायचे. नजर दुसऱ्या-तिसऱ्या रिसीव्हरकडे सरकताना पायही सोबत वळतात, की पोरगा जागीच थुईथुई नाचतो?

2017 मध्ये शिकागो बेअर्सने मिचेल ट्रुबिस्कीला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. कॉलेजात त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने 13. एवढ्यात असे अवघड डाव मिळणार तरी किती? त्याच ड्राफ्टमध्ये पॅट्रिक माहोम्स दहावा गेला. टेक्सास टेकसाठी ओक्लाहोमाविरुद्ध त्याने 734 यार्ड फेकले होते आणि तरी संघ हरला होता. त्याचं तंत्र सैल आहे, असा लोकांचा सूर. कॅन्सस सिटीने आपल्या 27 व्या क्रमांकावरून वर चढून त्याला घेतलं आणि जवळजवळ वर्षभर अनुभवी क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवून शिकवलं. आता सांग, यात पोराची परीक्षा किती आणि संघाची किती? बेअर्सकडे गेला असता तर माहोम्स आजच्यासारखा दिग्गज झाला असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी 2022 मध्ये अगदी शेवटचा, 262 वा गेला आणि तरी पुढे चमकला. उंची बेताची, हातात तोफ नाही. पण आयोवा स्टेटमध्ये चार मोसम खेळलेला. टेप ढीगभर होती, ती शेवटपर्यंत बघायचा कंटाळा केला गेला, असं माझं मत आहे.

प्रश्न : हाताचा पंजासुद्धा मोजतात म्हणे! हे अतीच नाही का? — श्रीधर

थोडं अतीच, श्रीधरराव. क्वार्टरबॅक जो बरोचा पंजा नऊ इंच भरला, तेव्हा चेंडू आपल्या हातातून निसटणार असं कळल्याने निवृत्तीचा विचार करतोय, अशी थट्टा त्याने स्वतःच केली. मग 2020 च्या ड्राफ्टमध्ये तोच पहिला गेला. ॲरन डोनाल्ड डिफेन्सिव्ह टॅकलसाठी (बचावफळीतला मधला धिप्पाड गडी) लहान म्हणून 2014 मध्ये तेरावा गेला आणि पुढे तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा लाइनमन, त्याच्या हाताची लांबी मात्र मी बघते. हात आखूड असला की समोरचा आधी छातीला भिडतो, आणि मग पाय कितीही चांगले असोत, मागे सरकावंच लागतं.

प्रश्न : येत्या ड्राफ्टआधी एकच खेळाडू नीट बघायचा आहे. सुरुवात कुठून करू? — केतकी

लेफ्ट टॅकलपासून कर, केतकी. त्याचा मोसमातला सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्याशी झालेला सामना शोध, निवडक क्षणांची फीत नको. चेंडू कुठे जातो ते विसर आणि पहिल्या डावापासून फक्त त्याच्याकडे बघ. धक्का बसला की तो गुडघ्यात वाकतो की कमरेत? कमरेत वाकला तर तोल गेलाच म्हणून समज. एकदा तो बाहेरून चकला, तर पुढच्या वेळी त्याच चालीला काय करतो? आणि चौथा क्वार्टर वगळू नकोस, दमलेले पाय तिथेच दिसतात.