टॉवर उभा राहिला तर सातबारा कुणाचा?

काकांनी पिशवीतून घड्या पडलेला कागद काढून टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात उचलला नाही. "वकीलताई, सही केली तर जमीन जाते. नाही केली तर पैसे जातात. मी करू काय?"

शेतावरून उच्चदाबाची वीजवाहिनी जाणार असली की माझ्याकडे येणारा बहुतेक माणूस हेच विचारतो. (ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) काकांची तीन एकर जमीन, त्यात दीड एकर डाळिंब. एका सकाळी बागेत लाल टोकाच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. विचारलं तर "सर्व्हे झालाय" एवढंच उत्तर. आठवड्यानं वाहिनी टाकणाऱ्या कंपनीकडून संमतीपत्र आलं. रकमेची जागा कोरी.

कोऱ्या कागदावर सही करू नये एवढं काकांना कळत होतंच. झोप उडाली होती ती सातबाऱ्याच्या काळजीनं. म्हणून आधी तेवढंच सांगितलं. टॉवरसाठी जमीन संपादित होत नाही. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 164 खाली सरकारने कंपनीला अधिकार दिले असतील, तर तिला 1885 च्या तार (टेलिग्राफ) कायद्यातले, तारा ओढायचे आणि खांब उभारायचे अधिकार वापरता येतात. त्या कायद्याच्या कलम 10 प्रमाणे कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. मालकी तुमची, सातबाराही तुमचाच. नुकसान होईल तेवढं कमी करायचं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची, हे त्याच कलमात लिहिलंय.

काकांनी कागदावरचा हात काढला.

दुसरी गोष्ट मात्र कडू होती, आणि ती लपवण्यात अर्थ नव्हता. कंपनीकडे असा अधिकार असेल तर मालकाच्या संमतीवाचून काम होऊ शकतं; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये तसा निकाल दिलाय. अडवणूक झाली तर तार कायद्याच्या कलम 16 खाली जिल्हा दंडाधिकारी आदेश देतात, आणि त्यानंतरही आडवं येणं हा गुन्हा ठरतो. तेव्हा "सही नाही तर टॉवर नाही" हे पारावरचं गणित चुकीचं. पण "सही नाही तर पैसे नाहीत" हे कंपनीच्या माणसाचं गणितही तितकंच चुकीचं. भरपाई नुकसानीची असते, सहीची नव्हे.

इथे माझीच एक चूक सांगते. वकिलीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका शेतकऱ्याला नुसतं "काम थांबवा" म्हणून सांगितलं. त्यांनी थांबवलं. मग बंदोबस्तात काम झालं, उभं पीक तुडवलं गेलं, आणि त्या पिकाचा ना फोटो, ना पंचनामा. भांडायला कागदच नव्हता. तेव्हापासून मी आधी झाडं मोजायला लावते.

काकांचा सातबारा उघडला तर पिकाच्या रकान्यात डाळिंबाचा पत्ताच नाही. 2021 पासून ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची नोंद, शेतकऱ्यानेच मोबाइलवरून करायची, आणि काकांकडे बटणांचा फोन. बाग डोळ्यांसमोर उभी, पण सरकारी कागदावर नाही! मुलीच्या फोनवरून नोंद केली. झाडांच्या बुंध्यांवर चुन्याने आकडे घातले, फोटो काढले. तलाठी आणि कृषी खात्याच्या माणसासमोर पंचनामा व्हावा म्हणून तहसीलदारांकडे अर्ज दिला, पोच घेतली. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे मी इतक्यांदा सांगते की आता ऐकणारेच आधी म्हणून दाखवतात.

कंपनीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना वेगळं पत्र गेलं. त्यात कलम 164 च्या आदेशाची प्रत मागितली, वाहिनीचा नकाशा मागितला आणि टॉवर बागेच्या मधोमध न घेता बांधाकडे सरकवा असंही लिहिलं. हे सरकवणं पाया खोदण्याआधीच जमण्यासारखं असतं. काँक्रीट पडलं की कोण ऐकतंय? काकांचा टॉवर सरकला. नशीबही होतं, दरवेळी सरकतो असं नाही.

मग रकमेचा प्रश्न आला. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के असं म्हटलंय. या सूचना राज्याने स्वीकारायच्या असतात, म्हणून आपल्या जिल्ह्यात कोणता दर लागू आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावं. काकांना दाखवलेल्या हिशेबात पायाचे पैसे होते, झाडांचेही थोडे होते, पट्ट्याचं नावच नव्हतं. आणि खरं दुखणं तर पट्ट्याचं. अरुंद गट, तारा तिरप्या. खाली उद्या गोठाही बांधता येणार नाही.

"मग चेक परत करू?" काकांनी विचारलं.

घ्यायचा. पावतीवर मात्र "रक्कम अपुरी, हक्क राखून स्वीकारली" असं लिहायचं आणि कलम 16(3) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे वाढीव भरपाईचा अर्ज करायचा. केरळच्या वीज मंडळाच्या 2007 मधल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की एकच सूत्र सगळ्यांना लावता येत नाही. जमीन कुठे आहे, तुकडा केवढा आहे, तारा कडेने जातात की मधून, हे बघायला हवं. काकांचा अर्ज मी त्याच मुद्द्यावर उभा केला.

एक गाठ राहिली होती. सातबाऱ्यावरचं खातं सामाईक, आणि धाकट्या भावाशी काकांचं बोलणं बंद. भाऊ म्हणायचा, बाग दादाची असेल पण जमीन दोघांची. म्हणणं खोटं नव्हतं. वाट्यावरून वाद राहिला तर कंपनी रक्कम न्यायालयात भरून मोकळी होऊ शकते, आणि मग पैसा तिथेच अडकतो. हे मी दोघांना वेगवेगळं बसवून सांगितलं. जमिनीची भरपाई निम्मी निम्मी, झाडांची काकांची, असं शेवटी कागदावर आलं.

अर्ज अजून चालू आहे. तारखेला दोघे एकाच मोटारसायकलवर येतात आणि कोर्टाच्या बाकावर दोन टोकांना बसतात.