घर विकून नॅरोबोट घ्यायच्या आधी

दादा, घर विकून नॅरोबोट, म्हणजे कॅनॉलवरची लांबट अरुंद बोट, घ्यायची म्हणताय, पण घाई करू नका. मी इंग्लंडात कॅनॉलवर बोटीत राहतोय, हे जगणं मनापासून आवडतं म्हणूनच सांगतो. आधी घर विकू नका, भाड्याने द्या, आणि जानेवारीत दोन-तीन आठवडे एखादी बोट भाड्याने घेऊन राहून बघा. उन्हाळ्यात सगळ्यांनाच भारी वाटतं हो, खरं कळतं ते पहाटे बोट गरम ठेवणारा स्टोव्ह विझलेला असतो आणि पाणी भरायचा नळ गोठलेला असतो तेव्हा.

मग मुरिंगचं, म्हणजे बोट बांधून ठेवायच्या जागेचं बघा. कायमची जागा नसेल तर 1995 च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग 14 दिवसच थांबता येतं, पुढे सरकत राहावं लागतं, मुलांची शाळा असेल तर फार ओढाताण होते. जागा घेतलीत तरी ती रेसिडेन्शियल, म्हणजे कायम राहायची परवानगी असलेली आहे का ते लेखी घ्या.

बोट बघताना आतल्या किचनवर भाळू नका. ती पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घ्याच, 4 मिमीच्या खाली असेल तर इन्शुरन्सला अडचण येते. मी विकणाऱ्याच्या शब्दावर गेलो आणि नंतर वरून नवा पत्रा वेल्ड करण्यात बरीच बचत गेली, अजून वाईट वाटतं. लांबी 57 फुटांपर्यंत ठेवा, बहुतेक सगळ्या लॉकमधून, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कप्प्यांतून जाते. सेफ्टी सर्टिफिकेट दर 4 वर्षांनी लागतं.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्याच रात्री झोपायच्या आधी लावा, प्लीज.