कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा दोन्ही दोनदा वाचले. ऐरोलीत राहून, नोकरी सांभाळून, ठाण्यात क्वीअर, म्हणजे आपल्या समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या, इतिहासाची एक संध्याकाळ भरवण्याचे तू मनावर घेतलेस, याचे मला अप्रूप वाटते, कारण तुझ्या वयात आम्ही एकमेकांना ओळखही दाखवत नव्हतो. मात्र मसुद्यात न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवरील पोलिसी छाप्याविरुद्धचा उठाव आहे, सान फ्रान्सिस्कोचे समलिंगी नेते हार्वी मिल्क आहेत, इंद्रधनुषी झेंड्याची जन्मकथा आहे आणि ठाणे फक्त स्थळाच्या रकान्यात आहे. १९६९ सालच्या स्टोनवॉलच्या त्या रात्रीबद्दल अवश्य सांग, दहा मिनिटे पुरतील. पण कळव्याहून किंवा कोपरखैरण्याहून येणाऱ्या मुलाला आपल्याविषयी आपल्याच भाषेत कोणी, कधी, काय म्हटले होते हे कळले नाही, तर आपण परक्याच्या लग्नाला आलो आहोत असे वाटून तो परत जाईल.

म्हणून सुरुवात र. धों. कर्व्यांपासून कर. १९२७ पासून १९५३ पर्यंत हा माणूस ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक चालवत होता आणि वाचक त्याला जे प्रश्न घरात, वैद्याकडे किंवा देवळात विचारू शकत नव्हते, त्यांची उत्तरे तो छापत होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्याच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. हे एवढेच सभागृहात सावकाश सांगून थांब. मी एका छोट्या बैठकीत हे सांगितले तेव्हा मागच्या रांगेतील एका मुलाने, ‘म्हणजे बाबासाहेबांना आपल्याबद्दल माहीत होते?’ असे विचारले आणि नंतर बराच वेळ तो मान खाली घालून चपलेचा अंगठा खालीवर करत बसला होता. स्टोनवॉलने त्याचे असे झाले नसते.

दुसरे, तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’. १९८१ साली हे नाटक मराठी रंगभूमीवर आले, त्यातील मित्रा या नायिकेची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती आणि स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मध्यभागी ठेवून लिहिलेले असे नाटक त्यापूर्वी आपल्याकडे मला तरी आठवत नाही. प्रवेश वाचायचाच असेल तर शेवटचा नको. मित्रा जिवाचे बरेवाईट करून घेते, आणि श्रोत्यांमध्ये त्या वाटेवरून माघारी आलेले कोणी असेल, तर त्याला तेवढ्यासाठी घराबाहेर काढणे योग्य नाही.

बालगंधर्वांचे नाव मात्र यादीतून काढ, असा माझा आग्रह आहे. स्त्रीपार्ट करणे ही त्या काळच्या नाटक मंडळींची रूढी होती. तेवढ्यावरून कोणाला आपल्यात ओढणे म्हणजे पुरावा नसताना सातबाऱ्यावर नाव चढवण्यासारखे आहे. आपल्याकडे खरी नावे कमी नाहीत. तृतीयपंथीयांना स्वतःचे लिंग स्वतः ठरवण्याचा अधिकार देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४चा निकाल काढून पाहा. त्यात तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी स्वतःच्या बालपणाविषयी केलेले निवेदन आहे, आणि त्या ठाण्याच्याच. त्या दोन-तीन परिच्छेदांचा साधा मराठी अनुवाद करून कोणाकडून तरी वाचून घे.

आता तारीख. जून हा जगाचा प्राइड महिना असला तरी आपल्याकडे तो गटारे तुंबण्याचा आणि गाड्या रखडण्याचा महिना आहे. तू सुचवलेली ६ सप्टेंबर चांगली. २०१८ मध्ये याच दिवशी, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून संमतीने ठेवलेले प्रौढांचे संबंध वगळले गेले. तरीही माझा कल ११ डिसेंबरकडे आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी आपल्याला मोकळे केले होते, ते २०१३च्या त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने परत घेतले. त्या संध्याकाळी आम्ही चौघे तलावपाळीच्या कठड्यावर बसलो होतो. एकाने शेंगदाण्यांची पुडी घेतली होती आणि ती कोणीच उघडली नाही. चार वर्षे पाच महिने गुन्हेगार नसलेली माणसे सकाळी साडेदहानंतर पुन्हा गुन्हेगार झाली होती आणि समोर बोटी नेहमीसारख्या फिरत होत्या. विजयाच्या दिवशी जमणे सोपे असते. पण आज पंचविशीत असलेल्यांना हे ठाऊकच नाही की मिळालेले काढूनही घेतले जाते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात समलिंगी जोडप्यांना विवाहाचा अधिकार नाकारला गेला तेव्हा त्यांना बसलेला धक्का मी पाहिला आहे. आम्हाला तेवढा बसला नाही.

किती लोक येतील याची काळजी तू तीनदा लिहिली आहेस. २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात निघालेल्या आपल्या देशातल्या पहिल्या प्राइड पदयात्रेत जेमतेम पंधरा माणसे होती. तू पंचवीस खुर्च्या सांग.

वक्त्यांमध्ये तृतीयपंथी समाजातील एक ज्येष्ठ व्यक्ती हवी, हे तुझे म्हणणे बरोबर आहे, पण ‘समारोपाला नृत्य आणि आशीर्वाद’ ही ओळ खोडून टाक. बोलावणे फोनवरून करू नये. गुरूंच्या घरी जाऊन, चहा घेऊन, काय हवे आहे ते सांगावे. त्यांच्या परवानगीवाचून चेले येणार नाहीत आणि आले तरी मोकळेपणाने बोलणार नाहीत. स्वतःसाठी कोणता शब्द वापरलेला आवडेल, हेही तिथेच विचार: कोणाला तृतीयपंथी चालते, कोणाला किन्नर, आणि हिजडा हा शब्द अभिमानाने उच्चारणाऱ्याही आहेत. मंगतीचा, म्हणजे पैसे मागत फिरण्याचा, एक दिवस बुडाला तर घरात पैसे कमी येतात, म्हणून मानधन पाकिटात घालून कार्यक्रमापूर्वीच दे. इतर वक्ते सन्मानावर समाधान मानतील, त्यांची घरे पगारावर चालतात.

दारात नावाच्या पट्ट्या ठेवणार असशील तर एक गोष्ट सुचवतो. इंग्रजीत लोक आपल्यासाठी ‘तो’ वापरायचे की ‘ती’, ते सर्वनाम पट्टीवर लिहितात; मराठीत माणूस सर्वनामाने नव्हे, क्रियापदाने उघडा पडतो. तेव्हा पट्टीवर नावाखाली ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ एवढेच ज्याने त्याने आपल्या हाताने लिहावे. मागच्या खेपेस एकाने आधी ‘आलो’ लिहिले, मग ‘लो’ खोडून ‘ले’ केले आणि पट्टी छातीला न लावता खिशात ठेवली. कोणी काही विचारले नाही. तसेच वागायचे, हे स्वयंसेवकांना आधी सांगून ठेव.

छायाचित्रांविषयी कडक राहा. इथे मी स्वतःच्या चुकीवरून बोलतो आहे. काही वर्षांपूर्वी एका गच्चीवरील वाचनानंतर मी हौसेने सर्वांचा फोटो काढला आणि मोबाइलवरच्या एका समूहात टाकला. कडेला अर्धा दिसणारा एक मुलगा होता. चेहरा पुरता आलाही नव्हता, पण मनगटातील कड्यावरून त्याच्या मामाने त्याला ओळखले. पुढचे तीन महिने तो मित्राच्या खोलीवर राहिला. तो माझ्यावर एकदाही रागावला नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटते. तेव्हा फोटो फक्त व्यासपीठाचे, तेही बोलणाऱ्याला विचारून. आणि पत्रिकेवर हा नियम ठळक छाप.

जागा भाड्याने घेताना विषय लपवू नको. ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ असे मोघम लिहून मिळवलेले सभागृह आयत्या वेळी हातचे जाते, तर ‘समलिंगी व तृतीयपंथी इतिहासावरील वाचन’ असे स्पष्ट लिहिल्यावर नकार यायचा असेल तर तो महिनाभर आधी येतो आणि दुसरी जागा शोधता येते. ग्रंथालयांकडे आधी विचार. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, आणि पुस्तकांच्या घरात बसून कर्व्यांविषयी ऐकण्याला एक वेगळी शोभा येईल. कार्यक्रम साडेआठला संपवच; पनवेलकडे जाणाऱ्यांना ट्रान्स हार्बरची गाडी धरायची असते आणि घरी ‘ऑफिसात उशीर झाला’ हे त्याच वेळेपर्यंत खपते.

मसुदा दुरुस्त करून आणशील तेव्हा प्रत्यक्षच भेटू. शनिवारी संध्याकाळी सहाला मी तलावपाळीवर कोपिनेश्वराच्या बाजूला असतो. कर्व्यांच्या काही अंकांच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत, त्या आणतो. अक्षर बारीक आहे आणि माझा चष्मा जुना झाला आहे, तेव्हा वाचून तुलाच दाखवावे लागेल.

तुझा,
काका