शिफ्टिंगच्या आधी फर्निचर कसं तयार करायचं? सगळं पॅकर्सवर सोडलं तर चालतं का?

नाही चालत. तुम्ही लिहिलंय की बेड, मोठा वॉर्डरोब, डायनिंग टेबल आणि आईचं जुनं सागवानी कपाट नाशिकहून पुण्याला न्यायचंय आणि घरचे म्हणतायत पैसे देतोय ना मग आपण कशाला हात लावायचा. हे वाक्य आमच्या घरी भावजींनी (धाकटे दीर) ऐकवलं होतं, आजही ते त्यावर ठाम आहेत, म्हणून लिहायला बसले. थोडं लांबेल.

माझे वडील सुतार. माझ्या लग्नात त्यांनी स्वतः केलेला सागवानी पलंग दिला, त्यात स्क्रू नाहीच, प्रत्येक पट्टीचं टोक कोरून पायाच्या खाचेत बसवलेलं आणि आरपार पाचर मारलेली. आम्ही कोल्हापूरहून डोंबिवलीला आलो ते जूनमध्ये, मुलांच्या शाळेमुळे, म्हणजे ऐन पावसात. पॅकर्सची मुलं आली, ड्रिल मशीन घेऊन पलंगाभोवती फिरून स्क्रू शोधायला लागली, सापडेनात, तेव्हा एकाने सरळ लोखंडी हातोडी उचलली आणि आतल्या बाजूने पट्टीवर घाव घातला. मी ओरडलेच. भावजी बाजूलाच उभे, म्हणे "वहिनी, त्यांचं रोजचं काम आहे, करू दे त्यांना." रोजचं काम असेल, पण पाचर काढल्याशिवाय ती पट्टी सुटणारच नव्हती, खाचेच्या कडेला चीर गेली असती आणि मग तो पलंग जन्मभर करकरत बसला असता. बाबा कायम सांगायचे, लाकडाला लाकडानंच मारायचं. मी धुण्याची मोगरी आणली, पाचरीच्या बारीक टोकावर जुन्या टॉवेलची घडी धरली आणि हळूहळू ठोकत चारही पाचरी बाहेर काढल्या. प्रत्येक जोडावर आतून खडूने एकसारखे आकडे टाकले, पायावर १ तर त्यात बसणाऱ्या पट्टीवरही १. डोंबिवलीत पोचल्यावर पलंग होता तसाच जुळून बसला, आजही हलत नाही.

आता भावजींचा वॉर्डरोब. पार्टिकल बोर्डचा, दिसायला छान, तो त्यांनी पूर्ण त्या मुलांवर सोडला. सगळ्या फळ्या सुट्या केल्या, नंबर नाही, फोटो नाही, सगळे स्क्रू एकाच पिशवीत. इकडे जोडताना कुठला स्क्रू कुठे कळेना, मग जोर लावून पिळले. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या चिपा आणि भुसा गोंदाने दाबलेला, त्यात एकदा स्क्रूचे आटे फिरले की पकड गेलीच. दार तिरकं झालं ते झालंच आणि खालच्या फळीला पावसाचं पाणी लागून ती फुगली. भावजी म्हणतात बोर्डच हलका होता. बोर्ड हलका होता हे मान्यच आहे, म्हणूनच जास्त जपायला हवा होता ना!

तर तुमच्यासाठी. वॉर्डरोब पार्टिकल बोर्डचा असेल आणि दारातून, जिन्याच्या वळणातून अख्खा जात असेल तर उघडूच नका, फक्त दारं नि ड्रॉवर काढा. जात नसेल आणि आधी एकदा खोलून जोडलेला असेल तर मी म्हणेन विकून टाका, ट्रकभाडं वाया घालवू नका. प्लायचा असेल तर खोलायला हरकत नाही. खोलायच्या आधी जोडलेल्या अवस्थेत मागून-पुढून फोटो काढा. स्क्रू, बिजागऱ्या, मिनिफिक्स (फळ्या एकमेकींना जोडणारे छोटे खटके) प्रत्येक वस्तूच्या वेगळ्या पुडीत घालून वर नाव लिहा आणि त्या सगळ्या पुड्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवा, ट्रकमध्ये देऊ नका.

आईच्या कपाटाला पॉलिश असेल तर चिकटपट्टी थेट लावू द्यायची नाही, काढताना पॉलिश घेऊन येते. प्लास्टिकची फिल्मसुद्धा आधी सुती चादर किंवा जुनी साडी गुंडाळून मग वरून, नाहीतर आत दमट हवा कोंडून पॉलिशवर पांढुरके डाग पडतात, पावसाळ्यात तर हमखास. दोरी जिथे कोपऱ्यावर येते तिथे गोधडीची घडी द्या. आरसा आणि टेबलाची काच काढून उभीच न्यायची, आडवी ठेवली की वर कोणीतरी काहीतरी ठेवतंच. टेबलाचे पाय काढा. आणि नव्या सोसायटीत फर्निचर लिफ्टमधून नेऊ देतात का हे आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी नाही देत, मग मजुरी मजल्यावर ठरते आणि दारात उभं राहून घासाघीस होते.

स्क्रूचं भोक ढिलं झालंच तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या बांबूच्या काड्या ठोकून भरा, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू. सागवानात हे पक्कं बसतं, पार्टिकल बोर्डात फारसं टिकत नाही.

हो, एक राहिलं. तुमचा बेड हायड्रॉलिक (पंपावर झाकण उचललं जाणारा) असेल तर माझं सगळं वरचं बाजूला ठेवा आणि त्याला हात लावू नका. त्या पंपात दाब असतो, चुकीच्या क्रमाने काढला तर झाकण हातावर येतं. त्याला कंपनीचा माणूस किंवा चांगला सुतारच बोलवा. सगळेच पॅकर्स वाईट असंही माझं म्हणणं नाही, सोफा आणि फ्रिज आमच्या त्याच मुलांनी फार नीट उतरवला. पण त्यांना एका दिवसात ट्रक भरायचा असतो, तुमच्या आईच्या कपाटाचा जोड कुठे आहे हे त्यांना कोण सांगणार? ते तुम्हीच आदल्या दिवशी बघून ठेवा. इन्शुरन्स देतो म्हणाले तर पॉलिसीचा कागद मागा, नुसत्या बिलावर लिहिलेलं धरू नका. आणि घरचे तरी पैसे देतोय ना म्हणाले तर त्यांना विचारा, नव्या घरी दार लागलं नाही तर ते पैसे घेणारे परत येणार आहेत का. भावजींच्या वॉर्डरोबसाठी कोणी आलं नाही, फोनसुद्धा उचलला नाही.