नोकरी लगेच सोडू नका

ताई, मुलाला मधुमेह निघाला म्हणून नोकरी सोडायचा विचार दोन-तीन महिने तरी बाजूला ठेवा. मलाही सुरुवातीला तेच सुचलं होतं. माझी खरी दमछाक व्हायची ती रात्री तीनला उठून साखर तपासायला लेकाचं बोट टोचताना. परवडत असेल तर सीजीएम सेन्सर, म्हणजे अंगावर चिकटवून साखर सतत मोजणारं यंत्र, लावा. साखर घसरली की अलार्म वाजतो, तेवढी तरी झोप लागते.

शाळेत नुसती चिठ्ठी पाठवू नका. बाईंना भेटून समजवा: घाम, थरथर, उगाच चिडचिड दिसली की आधी साखर तपासायची. ७० mg/dL च्या खाली असेल तर लगेच ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ग्लुकोज किती ग्रॅम द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, लहानग्यांना मोठ्यांपेक्षा कमी पुरतं. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, हे लाल शाईत.

साहेबांना आजाराचं व्याख्यान नको. "शाळेचा फोन आला तर मी मीटिंगमधून उठणार," एवढंच सांगा. माझ्या साहेबांनी तोंड वाकडं केलं होतं. केलं तर केलं.

आणि इन्सुलिन देणारं आणखी एक माणूस तयार करा. आमच्या शेजारच्या काकू संत्र्यावर सुई टोचून शिकल्या. पहिल्या दिवशी लेक शांत, काकूंचाच हात थरथरत होता.