दहावीची शाब्दिक उदाहरणं: 'मानू'ची ओळ पूर्ण लिहायला लावा

ताई, दहावीतल्या लेकाला शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत, काय करू, असं तुम्ही विचारलंय ते वाचलं आणि माझंच दहावीचं वर्ष डोळ्यासमोर आलं. समीकरणं दिली की पटापट सोडवतो पण शाब्दिक उदाहरण आलं की पान कोरं, अगदी हेच माझं व्हायचं. मी गणितात गेलो, ऑक्टोबरला परत बसलो, अकरावीचं एक वर्ष वाया गेलं. लोप (एक चल घालवून समीकरणं सोडवणं) आणि क्रेमर (निश्चयक काढून सोडवणं) या पद्धती त्याला येतात म्हणताय, म्हणजे ते सोडून देतो.

माझं घोडं अडलं ते एका साध्या उदाहरणावर. ५० च्या आणि २० च्या मिळून ३२ नोटा, रक्कम १००० रुपये, कोणत्या किती? मी लिहिलं एक्स + वाय = ३२ आणि खाली एक्स + वाय = १०००. वरच्या ओळीत एक्स म्हणजे नोटांची संख्या, खाली त्याच एक्सचे झाले रुपये, आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही कारण सुरुवातीला '५० च्या नोटा = एक्स' एवढंच खरडलं होतं. क्रेमरने करायला गेलो तर निश्चयक (एक्स-वायच्या गुणकांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी) शून्य, म्हणजे उत्तरच निघेना. क्लासमध्ये दाखवलं (नाव घेत नाही), तर सर म्हणाले उदाहरण चुकीचं छापलं असेल, पुढचं घे. अहो, एकच बेरीज ३२ पण आणि १००० पण कशी असेल, आलेख काढला असता तर दोन समांतर रेषा आल्या असत्या, चूक तिथेच सापडली असती! पण तिथे वयाचा टाईप, नावेचा टाईप असं नुसतं पाठ करून घ्यायचे. फी भरलेली आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून, म्हणून अजून राग येतो.

तर '५० रुपयांच्या नोटांची संख्या एक्स मानू' असं पूर्ण वाक्य लिहायला लावा. मग दुसरं समीकरण आपोआप ५०एक्स + २०वाय = १००० येतं, निश्चयक -३०, उत्तर १२ आणि २०. आणि ताळा समीकरणात नाही, मूळ उदाहरणात करायचा, ६०० + ४०० = १०००. समीकरणच चुकलं असेल तर त्यात ताळा जुळणारच ना.

मी शिक्षक नाही, मार्क कसे देतात ते शाळेतल्या बाईंनाच विचारा. माझं मत म्हणाल तर क्रेमर विचारलं असेल तरच वापरावं, एरवी लोप बरा, चिन्हं कमी चुकतात. आणि हो, दशकाचा अंक एक्स आणि एककाचा वाय मानला तर दोन अंकी संख्या १०एक्स + वाय असते, एक्सवाय नाही. पाच वर्षांपूर्वीचं वय असेल तर दोघांच्याही वयातून ५ वजा, मुलं एकाच्याच करतात.

आठवडाभर त्याला काही सोडवायला लावू नका. रोज दहा उदाहरणं घ्या, फक्त 'मानू'ची ओळ लिहू दे, आणि प्रत्येक ओळीत संख्या, रुपये, वर्षं की वेग ते आलंय का एवढंच तुम्ही बघा.