बोटीचं डिझेल इंजीन स्वतः बदलता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धडगाव तालुक्यात नर्मदेच्या फुगवट्यावर तुमची 28 फुटी फायबरची बोट आहे. जुनं डिझेल इंजीन काळा धूर सोडतं आणि ऑइल खातं. मुंबईहून मिस्त्री बोलवायचा खर्च झेपत नाही, तर नवीन इंजीन तुम्ही दोघं भाऊ मिळून बसवू शकाल का?

बसवू शकाल. मी शहाद्याला डिझेल इंजिनांचं काम करतो. विहिरीवरच्या इंजिनांवर हात बसला आणि सरदार सरोवराचं पाणी आपल्याकडच्या गावांत शिरल्यावर बोटींची कामंही येऊ लागली. ज्यानं शेतातलं इंजीन स्वतः खोलून बसवलंय, त्याला बोटीतलं इंजीन उचलून दुसरं ठेवणं जड नाही. खरं काम इंजिनाच्या मागे आहे: गिअर बॉक्स, कपलिंग (गिअर आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्या), शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा), ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग) आणि पंखा (प्रोपेलर). इंजीन या लाइनीला जुळेल असं घ्यायचं असतं. लोक आधी इंजीन घेतात आणि मग लाइन त्याला जुळवत बसतात.

सर्वात आधी एक सांगतो, कारण पैसे वाचवायला हे केलं जातं. घरी विहिरीवरचं पाच एचपीचं, 1500 आरपीएमचं इंजीन पडून असतं आणि तेच शाफ्टला थेट जोडायचा मोह होतो. तसं करू नका. पंपावर इंजिनाला फक्त फिरवायचं काम असतं. बोटीत पंखा पाणी मागे ढकलतो आणि तेवढ्याच जोरानं शाफ्ट पुढे, इंजिनाकडे रेटला जातो. हा रेटा झेलायला मरीन गिअर बॉक्समध्ये थ्रस्ट बेअरिंग असतं. ते नसेल तर सगळा भार क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर येतो, आणि ती एवढा रेटा सतत सोसायला बनवलेलीच नसते. शिवाय न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही. बोट काठाला लावताना समोर माणसं उभी असतात, तेव्हा रिव्हर्स हाच तुमचा ब्रेक आहे.

एचपीबद्दल. पाणी कापत चालणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीवर अडतो. पाण्यातली लांबी 25 फूट असेल तर ही मर्यादा साधारण 6.7 नॉट, म्हणजे ताशी 12 किलोमीटरच्या आसपास येते. त्यापुढे एचपी दुप्पट केली तरी बोट मागून बसते, लाट उठते, डिझेल जळतं आणि वेग नावापुरता वाढतो. भरलेल्या बोटीच्या वजनाला टनामागे 3 ते 5 एचपी धरा. चार टनांना 15-20 एचपी पुरते.

आता मापं. जुनं इंजीन हलवायच्या आधी वहीत लिहून घ्या: बेडच्या (इंजीन ज्यावर बसतं त्या चौकटीच्या) दोन चॅनलमधलं अंतर, बोल्टची भोकं, बेडपासून शाफ्टच्या सेंटरची उंची, शाफ्टचा उतार, कपलिंगचा व्यास, गिअरचं रेशो, पंख्याचा व्यास आणि पिच (एका फेऱ्यात पंखा पाण्यात किती पुढे सरकेल ते माप). पंखा कोणत्या दिशेनं फिरतो तेही लिहा. नवीन इंजीन-गिअरची जोडी उलटी फिरवत असेल तर पंखाही उलट्या हाताचा लागेल, आणि हे बहुतेकांना बोट पाण्यात गेल्यावरच कळतं. मग नवीन इंजिनाचं ड्रॉइंग मागवा आणि त्या मापाचा प्लायवुडचा साचा करून बोटीत ठेवून पाहा. ऑइल फिल्टरपर्यंत हात पोचतो का, डिपस्टिक वर ओढता येते का, ड्रेन बोल्टखाली डबा बसतो का? साचा एक सूतही अडत असेल तर ते इंजीन त्या जागेत अडणारच. एवढं झाल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

त्याच दिवशी बाहेरून पाण्याच्या रेषेवर रंगाच्या खुणा करा, पुढे, मध्ये आणि मागे. जुन्या जड फ्लायव्हीलवाल्या इंजिनाच्या जागी हलकं आलं, किंवा इंजीन फूटभर मागे सरकलं, तर बोट पाण्यात वेगळी बसते. 2019 च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यातल्या भूषाजवळ बोट उलटून माणसं गेली, ते या पट्ट्यात कोणी विसरलेलं नाही. तिथे इंजिनाचा दोष नव्हता, पण बोट किती आणि कुठे दबते याकडे दुर्लक्ष करायची हिंमत मला तेव्हापासून होत नाही. खुणा जुळल्या नाहीत तर डिझेलची टाकी किंवा बॅटरी हलवून तोल परत आणा.

काम उन्हाळ्यात घ्या. धरणाची पूर्ण पातळी 138.68 मीटर आणि किमान पातळी 110.64 मीटर आहे, म्हणजे काठ 28 मीटरपर्यंत खाली-वर सरकू शकतो. बोट काठावर ओढून शाफ्ट, ग्लँड आणि शाफ्टचं मागचं बेअरिंग बघून घ्या, पण पाणी चढायच्या आत आटपा. इंजीन उचलायला बोअरमधून सबमर्सिबल काढणाऱ्यांकडची चेन पुली आणि तीन पायांची घोडी भाड्यानं मिळते. घोडीचे पाय फायबरवर थेट ठेवू नका, खाली जाड फळ्या घाला.

मग येतं अलाइनमेंट, म्हणजे इंजीन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, आणि यात घाई करू नये. रिकाम्या बाजेची वीण आणि माणूस झोपलेल्या बाजेची वीण एकसारखी नसते, तसं जमिनीवर टेकलेल्या बोटीचं आणि तरंगणाऱ्या बोटीचं अंग एक नसतं. म्हणून काठावर फक्त कच्चं अलाइनमेंट करा. बोट पाण्यात एक-दोन दिवस उभी राहू द्या, टाकीत नेहमीइतकं डिझेल भरा, आणि मग पक्कं करा. कपलिंगचे बोल्ट काढा. मोकळ्या शाफ्टचं टोक वजनानं खाली झुकतं, त्याला लाकडाचा आधार देऊन शाफ्ट ज्या ट्यूबमधून जातो तिच्या मध्यावर आणा. कपलिंगच्या दोन्ही चकत्यांचे फेस हातानं एकमेकांना टेकवा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून फट मोजा. चार इंची कपलिंगला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान फटीतला फरक चार थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात), म्हणजे 0.1 मिलिमीटरच्या आत हवा. खालची फट मोठी असेल तर इंजिनाची पुढची बाजू उंच आहे, ती खाली घ्या. वरची मोठी असेल तर उलट.

नंतर शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. मोठी फट जागेवरच राहिली तर इंजीन तिरकं आहे, माउंटिंगचे (इंजिनाखालच्या रबरी पायांचे) नट फिरवून दुरुस्त होतं. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकलाय किंवा कपलिंगचा फेस सरळ नाही. मग इंजीन कितीही सरकवलं तरी उपयोग नाही, शाफ्ट लेथवर न्यावा लागेल. ही एक तपासणी सोडली की लोक बोट थरथरते म्हणून इंजिनाला दोष देत राहतात. ग्लँडची दोरी विहिरीच्या पंपासारखीच: चालताना मिनिटाला थोडे थेंब पडलेच पाहिजेत. आवळून पूर्ण कोरडी केली की दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते.

पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाला नदीचा गाळ त्रास देतो. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की गाळणी रोज उघडून धुवा, आणि पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (आतलं चाक) एक जादा बोटीत ठेवा. पाणी एग्झॉस्टमध्ये सोडायची व्यवस्था असेल आणि ती जागा पाण्याच्या रेषेजवळ किंवा खाली असेल, तर पाइपाला वर उंच वळण देऊन त्यावर एअर व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर इंजीन बंद असताना पाणी सायफननं सिलिंडरमध्ये येतं. कोरडा एग्झॉस्ट असेल तर त्याला ग्लास फायबरची पट्टी गुंडाळा, धूर बाहेरच जायला हवा.

डिझेलच्या पाइपांत अडकलेली एअर तुम्हाला काढता येत असेलच: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट. फक्त चालू इंजिनावर प्रेशरच्या पाइपाची गळती बोटानं तपासू नका, डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. टाकी आणि पंपाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर घाला.

बोटीत माणसं नेत असाल तर 2021 च्या इनलँड व्हेसल्स कायद्याप्रमाणे तिची नोंदणी आणि तपासणी लागते, आणि इंजीन बदलल्यावर नोंदीतही बदल करून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात हे काम मेरीटाईम बोर्डाकडे आहे. इंजिनाचं बिल आणि नंबर जपून ठेवा. बसवणं तुम्ही करा, पण तपासणीवाल्या माणसाची नजर पडेपर्यंत प्रवासी घेऊ नका.

ट्रायल रिकाम्या बोटीवर, लाइफ जॅकेट घालून, शांत पाण्यात घ्या. इंजीन गरम झाल्यावर पूर्ण रेस देऊन आरपीएम बघा. पाटीवरच्या आकड्यापर्यंत जात नसेल आणि काळा धूर येत असेल, तर पंख्याचा पिच जास्त आहे. साधारण एक इंच पिच कमी केल्यावर 200 आरपीएमच्या आसपास वाढतात. तसंच चालवत राहिलात तर नवीन इंजीनही जुन्यासारखाच धूर सोडू लागेल. पहिल्या 50 तासांनी ऑइल बदला, माउंटिंगचे नट आवळा आणि कपलिंग पुन्हा उघडून फट मोजा, कारण माउंटिंगचं नवीन रबर तेवढ्यात दबलेलं असतं. जुन्या कपलिंगचा व्यास आणि पंख्यावर कोरलेले आकडे इथे लिहा, गिअरचं रेशो काय घ्यावं ते त्यावरून सांगतो.